सिम जेटीचा पाहुणा

१

प्रेत आमच्या घराखाली सापडलं.

मलेशियातल्या पिनांगमधली सिम जेटी म्हणजे आम्हा सिम घराण्याच्या चिनी कोळ्यांची वस्ती, सगळी घरं खांबांवर उभी आहेत. भरतीला फळ्यांखाली समुद्र असतो आणि ओहोटीला काळा चिखल. त्या सकाळी पाणी उतरलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघराखाली, दोन खांबांच्या मध्ये, एक गोरा म्हातारा पालथा पडलेला होता. शेजारच्या चुई काकूंना तो आधी दिसला. त्यांनी मला हाक मारली, कारण अख्ख्या जेटीवर पोलीस मी एकटीच. सागरी पोलिसांत सार्जंट, सिम स्यू लान. पगार बेताचा आणि शेजाऱ्यांची कामं फुकट.

चिखलात उतरल्यावर मी त्याला ओळखलं. समोर नांगर टाकून उभ्या असलेल्या 'पेट्रेल' नावाच्या शिडाच्या बोटीचा तो मालक होता. पिनांगला अशा बोटी नेहमीच येतात. ही माणसं रबरी होडीतून शहरात जातात, शेवया खातात, आमच्या जेटीवर वाळत घातलेल्या चड्ड्यांचे फोटो काढतात आणि वारा फिरला की निघून जातात. त्यांचा आम्हाला त्रास नसतो आणि आमचं त्यांना काही पडलेलं नसतं.

म्हाताऱ्याच्या डोक्याला मागून मार लागला होता. माझा शिपाई हफीज म्हणाला, पाण्यात पडला असेल आणि खांबावर आपटला असेल. मलाही तसंच वाटलं. खांबांना चिकटलेल्या कालवांच्या धारेने आम्हा सगळ्यांच्याच अंगावर लहानपणापासूनच्या खुणा आहेत.

हात धुवायला वर आले तर माझे वडील, अप्पा, पेज पीत बसले होते. घराखाली एवढी गर्दी आणि हे शांत. मी सांगितलं, एक परदेशी माणूस मेलाय. "बुडतात माणसं," असं म्हणून त्यांनी खारवलेल्या मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि वाडगा पुढे केला. त्यांना आणखी पेज हवी होती. गेल्या वर्षभरात अप्पांनी एक वाडगा कधी संपवलेला मी पाहिला नव्हता, त्यामुळे त्या गडबडीतही मला बरं वाटलं.

वर्षभर म्हणजे माझा धाकटा भाऊ केंग गेल्यापासून. तो खेकड्यांची जाळी उचलायला गेला होता, वादळ आलं आणि तो परतलाच नाही. होडी मिळाली नाही, तोही मिळाला नाही. आमच्यात माणूस हाती लागल्याशिवाय, त्याला मातीत ठेवल्याशिवाय त्याच्या नावाची पाटी देव्हाऱ्यात बसवत नाहीत. तो नुसताच भटकत राहतो, असं म्हणतात. माझा यावर विश्वास आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. अप्पांचा होता. दर ओहोटीला ते आपली जुनी होडी घेऊन निघायचे आणि किनाऱ्यावरच्या खारफुटीत काठीने चिखल ढवळत हिंडायचे. लोक आधी सोबत गेले, मग कीव करू लागले आणि शेवटी टिंगल करू लागले. अप्पा थांबले नाहीत. मुलाच्या हाडाचा एक तुकडा मिळाला तरी पुरे, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं.

त्या सकाळी ओहोटी असून अप्पा घरात होते. पोलिसांच्या बोटींनी वाट अडवलीय म्हणून थांबले असतील, असं मी धरून चालले.

दुपारी इस्पितळातून डॉक्टरांचा फोन आला. खांबावर आपटला असता तर चामडी चिरली असती. ही जखम बोथट होती, एकाच घावाची, लांब आणि सपाट वस्तूने केलेली. फुप्फुसात पाणी होतं खरं, पण पाण्यात पडण्याआधीच कुणीतरी त्याच्या डोक्यात घाव घातला होता.

२

मेलेल्याचं नाव ॲलिस्टर मन्रो. टास्मानियाहून निघालेला, निवृत्त शाळामास्तर. बोटीवर दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको मोइरा. काटकुळी, उन्हाने रापलेली, केस स्वतःच्याच हाताने कापलेले. संध्याकाळी रबरी होडी घेऊन ती शहरात गेली होती. परत आली तर बोटीवर नवरा नाही. मग तिने आणि शेजारच्या बोटीवरच्या जर्मनाने सकाळ होईपर्यंत बॅटऱ्या मारून पाणी पालथं घातलं होतं.

बोटीला होडी एकच आणि ती तिच्याकडे. म्हणजे ॲलिस्टर कुठे गेला नव्हता. ज्याने मारलं तो आपल्या पायांनी, किंवा आपल्या होडीने म्हणा, तिथे आला होता.

मी केबिन पाहिली. सगळं जागच्या जागी. फक्त बिछान्याच्या वर भिंतीवर दोन पितळी हूक रिकामे होते आणि त्यांच्यामध्ये लाकडाचा रंग लांबच लांब पट्ट्यात फिका राहिला होता. इथे काय होतं, असं विचारलं. मासे पकडायची काठी होती, मोडली, फेकून दिली, असं मोइरा खिडकीकडे बघत म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नसावी.

मग मी मोरीपाशी गेले. पातेली, मग, पेले सगळे फडक्यावर पालथे घातलेले होते. त्यांच्या बाजूला दोन छोटे बिनकानाचे चहाचे कप होते, आमच्याकडे बाजारात मिळतात तसले. धुतलेले, उताणे, तळाशी चमचाभर पाणी साचलेलं. मला काहीतरी खटकलं. काय, ते मात्र उमगेना.

"हे तुम्ही धुतले?" मी विचारलं.

"नाही. ॲलिस्टरने धुतले असतील." मग ती जराशी हसली आणि लगेच रडू लागली. "त्याने लग्नापासून आजतागायत एक कप धुतलेला नाही हो."

"म्हणजे पाहुणा आला होता."

"पाहुणा काल यायचाच नव्हता," ती म्हणाली. "आज येणार होता."

हे बोलून गेल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. कोण पाहुणा, कशासाठी, हे मी गोडीने विचारलं, दरडावून विचारलं. तिने ओठ मिटले ते मिटलेच.

३

संशय घ्यायला माणसं फार नव्हती. पहिला इंजिनवाला अरुलदास. आदल्या दिवशी ॲलिस्टरने त्याला बोटीवरून जवळजवळ हाकलून दिलं होतं, हे साऱ्या धक्क्याला माहीत होतं. अरुल तेलकट हात पुसत आला आणि मी काही विचारायच्या आतच सुरू झाला. म्हातारा डोकं खायचा, मॅडम. हा पाना असा धर, तो बोल्ट तसा फिरव. शाळामास्तर मेला तरी शिकवायचं सोडणार नाही.

मेला शब्द निघाल्यावर तो वरमला.

"पण भांडण माझं नव्हतं, मॅडम. त्या दोघांचं चाललेलं. मी इंजिनाच्या भोकात डोकं घालून बसलेलो, मला कोण विचारतंय. बाई म्हणत होती, ते आपल्यावरच आळ घेतील, ॲलिस्टर, आपणच केलं म्हणतील, चल इथून. आणि हा म्हणत होता, त्याचसाठी तर आलोय, आता माघारी जायचं नाही. बाईने हातातली थाळी आपटली. त्या गडबडीत माझा चांगला पाना पाण्यात गेला, आणि वर ओरडा मलाच."

अरुल त्या संध्याकाळी सहलीच्या बोटीचं बंद पडलेलं इंजिन दुरुस्त करत होता आणि त्या बोटीतले प्रवासी त्याला शिव्या देत होते. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला ते सगळे एका पायावर तयार होते.

दुसरा शेजारच्या बोटीवरचा जर्मन, डीटर. एकटाच जग फिरणारा, तिरसट माणूस. ॲलिस्टरने नांगर फार जवळ टाकला म्हणून दोघांची हमरीतुमरी झाली होती. भरती लागली की नांगरावरच्या बोटी आपोआप फिरतात आणि जागा कमी असली तर एकमेकींवर आदळतात. त्यामुळे संध्याकाळी भरती लागल्यापासून डीटर डेकवर पहारा देत बसला होता. 'पेट्रेल'चं नाक त्याच्याकडे होतं आणि पाठ आमच्या जेटीकडे. मागच्या बाजूला काय झालं ते त्याला दिसलं नाही.

"कुठली बोट आली?"

"इंजिनाचा आवाज अजिबात नव्हता. मी कान देऊनच बसलेलो. फक्त तो बोलत होता."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. खूप वेळ एकटाच बोलत होता, सावकाश, वर्गात शिकवतात तसा. दुसरा आवाज एकदाही आला नाही. मला वाटलं, रेडिओवर बोलतोय. मग गप्प झाला. मी म्हटलं, सुटलो."

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर डीटरने मान खाली घातली. त्याच्या मनात काळंबेरं असावं असं मला वाटलं नाही.

माझे वरिष्ठ अझहर साहेब हे सगळं ऐकून खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या मते कोडं उरलंच नव्हतं. बायकोचं भांडण झालं होतं. बायको खोटं बोलत होती. संध्याकाळी कुठे होतीस म्हटलं तर ती सांगत होती की गावातल्या एका देवळाच्या पायरीवर बसून होते, देऊळ बंद होतं, कुणी पाहिलं नाही. परदेशी बाई आमच्या देवळाच्या पायरीवर कशाला बसेल? नवऱ्याला मारून ढकललं आणि मग होडी घेऊन गेली शहरात.

"पाहुण्याचे कप, साहेब?"

"नवरा-बायको चहा पीत नाहीत का गं? उद्या सकाळी तिला ताब्यात घे."

४

उत्तर सापडलं ते ठाण्यातल्या मोरीवर. हफीजने चहाचे कप धुऊन पालथे घातले होते. मी त्याच्याशी बोलता बोलता ते एकेक करून उताणे केले. हे मी रोजच करते आणि रोजच तो हसतो.

"मॅडम, असे ठेवले की पाणी साठतं ना. तुम्हा जेटीवाल्यांना सांगून सांगून थकलो."

माझा हात कपावरच राहिला.

आमच्यात कप, वाडगा, थाळी, काहीही पालथं ठेवत नाहीत. ताटातला मासा एका बाजूने खाऊन झाला की उलटत नाहीत, काटा उचलून काढतात. पालथी वस्तू म्हणजे पालथी झालेली होडी. लहानपणी कप पालथा ठेवला की आईच्या चमच्याचा फटका बसायचा, आणि पुढे तो हाताचाच धर्म होऊन जातो. शहरातला माणूस, मलाय माणूस, गोरा माणूस, कुणीही धुतलेला कप पालथा घालील. होडीवाल्याचा हात ते करूच शकत नाही, मग तो कप माग पुसण्यासाठी का धुतलेला असेना.

त्याच्यापुढे विचार करायची गरज नव्हती, तरी मी केला. विचार चालू असेपर्यंत घरी जावं लागणार नव्हतं. पाहुणा भरती असताना आला, कारण ओहोटी असती तर प्रेत जेटीकडे न येता बाहेर समुद्रात गेलं असतं. पाहुण्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ॲलिस्टर एकटाच बोलत राहिला. पाहुणा वल्ह्याने आला, इंजिनाने नाही. आता आमच्या जेटीवर पोरंसोरं दोनशे पावलांवर जायचं तरी इंजिन लावतात. वल्ह्यावर जाणारा एकच माणूस उरलाय. वर्षभर तो दर ओहोटीला निघायचा आणि भरतीबरोबर परतायचा, आणि आज सकाळी पहिल्यांदाच गेला नव्हता.

मी घरी गेले. ऊन अजून होतं. अप्पा देव्हाऱ्यासमोर पाटावर बसले होते. देव्हाऱ्यात आईच्या पाटीशेजारी केंगचा फोटो ठेवलेला होता, पुढे उदबत्त्या लावलेल्या. आणि भिंतीला टेकवून उभं होतं, सकाळी तिथे नसलेलं, एक वल्हं. त्याच्या दांड्यावर आमच्या घराण्याची खूण कोरलेली होती आणि खाली केंगने लहानपणी सुरीने काढलेला वेडावाकडा खेकडा होता. त्या खेकड्यावरून त्याने अप्पांचा मार खाल्ला होता.

"कळलं ना तुला," अप्पा म्हणाले. "मला वाटलंच होतं. पोलिसात घातली तेव्हाच तुझी आई म्हणालेली, ही पोरगी आपल्यालाच पकडेल."

ते हसले. वर्षभराने हसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मासळीचा भाव सांगावा तसं. चिखल ढवळून ते भरतीबरोबर परतत होते. पांढऱ्या बोटीवरचा म्हातारा त्यांच्या वल्ह्यावर कोरलेल्या खुणेकडे टक लावून बघत होता, मग एकदम दोन्ही हात हलवून बोलवायला लागला. अप्पा वर चढले. तो आत गेला आणि केंगचं वल्हं घेऊन आला. वल्हं टेबलावर ठेवलं आणि चहा केला.

"कसा दिला चहा, माहितीय? दोन्ही हातांनी. मान खाली घालून. असा कोण चहा देतं, लान?"

मला माहीत होतं. ज्याच्या हातून मोठा अपराध घडला आहे तो देतो. आमच्यात माफी तोंडाने मागत नाहीत. चहा देतात, आणि समोरच्याने तो प्यायला तर माफ केलं असं होतं.

"मग?"

"तो बडबडत होता. मला काय कळणार, मला 'नो फोटो' एवढंच येतं. मी तो चहा प्यायलो नाही. तो उठून पाठमोरा झाला, काहीतरी आणायला निघालेला. वल्हं समोरच होतं." अप्पांनी उदबत्तीची राख बोटाने सारखी केली. "माझ्या पोराची होडी त्याने चिरडली आणि त्याचं वल्हं भिंतीवर शोभेला लावलं. पाटी नाही, पण आता केंगला फोटोने तरी देव्हाऱ्यात बसवता आलं."

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. मग भीती वाटली. मग आठवलं की उद्या सकाळी मला एका बाईला ताब्यात घ्यायचं आहे, जिने काहीच केलेलं नाही.

५

वल्हं गोणपाटात गुंडाळून मी मोइराकडे गेले. माझ्या मनात राग होता. तिच्या नवऱ्याने माझ्या भावाचा जीव घेतला आणि ही ते झाकत होती, असं मी धरून चालले होते. मी गोणपाट सोडलं आणि म्हटलं, हा माझा भाऊ होता. आता खरं सांगा.

तिने वल्ह्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली. "आम्ही तुम्हालाच शोधत होतो."

गेल्या वर्षी वादळानंतर ती दोघं उत्तरेला, थाय हद्दीतल्या ओसाड बेटांमधून फिरत होती. रोज नवी खाडी, रोज नवा किनारा. मोइरा तापाने बिछान्यात पडलेली होती. ॲलिस्टर एकटाच एका किनाऱ्यावर गेला आणि तिन्हीसांजेला परतला तो चिखलाने माखलेला. तिथे एक तरुण मेलेला पडला होता, वल्ह्याला मिठी मारलेला. होडी नव्हती. ॲलिस्टरने हातांनी आणि बादलीने खड्डा खणला, त्याला पुरलं, वर दगड रचले. वल्हं तेवढं बरोबर आणलं, कारण त्यावर काहीतरी कोरलेलं होतं आणि त्यावरून कुणीतरी त्या पोराच्या माणसांना ओळखू शकलं असतं. हद्दीत शिरायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. मोइरा घाबरली. आपणच त्याच्या होडीवर बोट घालून त्याला मारलं असं म्हणतील, असं ती म्हणाली आणि तिने त्याला तिथून निघायला लावलं.

"पण त्याला चैन पडेना. वल्हं समोर टांगून ठेवलेलं. लंकावीला एका म्हाताऱ्या आचाऱ्याने ती खूण वाचून दिली, सिम जेटी, पिनांग. म्हणाला, घरातल्या वडीलधाऱ्याला सांगायचं तर आधी दोन्ही हातांनी चहा दे, त्यांच्यात तसंच करतात. ॲलिस्टरने त्यासाठी ते कप घेतले. मी म्हणत होते, भाषा येणारं कुणीतरी बरोबर असू दे. काल तेच शोधायला मी देवळात गेले होते, आणि आज जेटीवर विचारून त्या घरच्या वडीलधाऱ्याला बोटीवर बोलावणार होतो. तो थांबणार होता." तिने तोंडावर हात धरला. "थांबणार होता हो तो."

माझ्या वडिलांनी काय केलं ते मी तिला सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. तिने मला मारलं असतं तरी चाललं असतं. तिने फक्त एकच मागितलं. ॲलिस्टर कशासाठी आला होता ते अप्पांना कळलं पाहिजे.

संध्याकाळ व्हायच्या आत मी अझहर साहेबांसमोर अप्पांचं नाव घेतलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, स्यू लान, कप कसे ठेवलेत यावरून कोर्टात काही ठरत नाही, तू अजून विचार कर. मी म्हटलं, वल्हं माझ्याकडे आहे आणि अप्पांनी मला कबूल केलंय. हे बोलताना माझा आवाज नीट होता. त्याचाच मला नंतर फार त्रास झाला.

अप्पा कोठडीत मजेत होते. पोटभर जेवले, रात्रभर गाढ झोपले, हफीजची चेष्टाही केली. फाशी देतील की मरेपर्यंत ठेवतील, त्यांना काही फरक पडत नव्हता. मुलासाठी बापाने करायचं ते करून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मोइरा आली. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला अप्पा, आणि मध्ये मी. साहेबांनी दुभाष्या बोलावला होता, पण त्याला आमची बोली येत नव्हती. साहेब म्हणाले, तू नको बसूस. मी बसले.

अप्पांनी मला विचारलं, बाई शिव्या द्यायला आलीय का? दे म्हणावं, मी ऐकून घेतो, तिचा हक्क आहे.

मोइरा बोलू लागली. मी एकेक वाक्य अप्पांना सांगत गेले. गाळायचं म्हटलं असतं तर गाळता आलं असतं, तिथे दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं. तापाचं सांगितलं. किनाऱ्याचं सांगितलं. वल्ह्याला मिठी मारलेल्या पोराचं सांगितलं. अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे थांबलं ते मला दिसलं. मग मी खड्ड्याचं आणि दगडांचं सांगितलं, आणि मोइराचा नवरा त्यांना बोटीत बसवून तिथे घेऊन जाणार होता, तेही सांगितलं.

"पुरलं?" अप्पांनी विचारलं. "नीट पुरलं? डोक्यावर माती घातली?"

मी विचारलं. मोइराने मान हलवली. त्याने आपला सदरा काढून पोराच्या तोंडावर घातला आणि मग माती लोटली, असं ती म्हणाली. मी ते सांगितलं.

अप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"कुठलं बेट?"

मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती आजारी होती, ती बिछान्यातून उठून डेकवर आलीच नव्हती, तिथे अशी बेटं पुष्कळ आहेत, एकसारखी. ॲलिस्टरने नकाशावर काही खूण केली नव्हती. तो म्हणायचा, किनारा डोळ्यांसमोर आला की मी ओळखीन. तिने पुन्हापुन्हा सांगितलं की तिला खरंच माहीत नाही.

मी ते अप्पांना सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं, म्हणून पुन्हा सांगितलं.

"विचार ना तिला," अप्पा म्हणाले. "लान, नीट विचार. तुला इंग्रजी येतं ना."

मी पुन्हा विचारलं.